आंब्याखालचा वाफा

झाडाखाली फुलझाडं लावावीत ही कल्पना ज्याला प्रथम सुचली, त्याच्या दारात झाड नसणार याबद्दल माझी खात्री आहे. दारात झाड असलेल्या माणसाला फक्त झाडू सुचतो. त्यातून ते झाड आंब्याचं असेल तर बारा महिने सुचतो, कारण आंबा पानगळीचा ठरावीक हंगाम पाळत नाही. पानं गाळायला त्याला कुठलाही महिना चालतो. शिवाय माघात मोहोर, चैत्रात बाळकैऱ्या, वळवाच्या पावसात काटक्या, आणि मधल्या काळात पक्ष्यांकडून जे येईल ते.

आमच्या सोसायटीच्या आवारात असा एक आंबा आहे. रायवळ. बिल्डरने मूळचा बंगला पाडला तेव्हा हे झाड वाचलं, ते वृक्षप्रेमामुळे नव्हे. त्या कोपऱ्यात तशीही गाडी वळत नव्हती म्हणून. चेअरमन म्हणतात, झाड पानशेतच्या पुराच्या आधीचं आहे. पुण्यात १२ जुलै १९६१ ही कालगणनेची खरी सुरुवात मानतात, त्यामुळे त्यावर कोणी शंका घेतली नाही. झाड शांतपणे उभं होतं, खालचे पेव्हर ब्लॉक मुळांनी सावकाश वर उचलत होतं, आणि आमचं त्याचं बरं चाललं होतं.

मग सेक्रेटरी एम्प्रेस गार्डनला गेले.

तिथे दरवर्षी प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास पुष्पप्रदर्शन भरतं. सेक्रेटरी सहकुटुंब जाऊन फोनची मेमरी भरून आले. पिटुनिया, डायंथस, पॅन्सी, मुठीएवढी शेवंती. एकाही रोपावर पिवळं पान नाही, एकाही फुलाला मान खाली घालायची परवानगी नाही. कमिटीच्या मीटिंगमध्ये ते फोटो हातोहात फिरले. ‘‘आपल्या आंब्याखालचे ब्लॉक उखडून असा गोल वाफा केला तर?’’ सगळ्यांनी माना डोलावल्या. मग काम कोणी बघायचं असा प्रश्न निघाला आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझी पात्रता एवढीच की माझ्या गॅलरीतली तुळस जिवंत आहे. तिला पाणी बायको घालते हे मी सांगेपर्यंत ठराव लिहून झाला होता.

सोसायटीत लगेच दोन पक्ष पडले. एक वाफ्याचा, एक पाराचा. पार पक्षात सगळे ज्येष्ठ नागरिक. त्यांचं म्हणणं, झाडाला पार बांधतात, वाफा कोण बांधतो? पारावर बसता येतं, पेपर वाचता येतो, येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करता येते. फुलांवर बसता येत नाही. म्हणणं बिनतोड होतं. त्यावर सेक्रेटरींनी तोडगा काढला: झाडाभोवती सहा फूट त्रिज्येचं गोल विटांचं बांधकाम, दोन फूट उंच, आत माती भरून फुलं आणि कट्ट्यावर ज्येष्ठ नागरिक. पीडब्ल्यूडीतून निवृत्त झालेल्या एका सभासदांनी तिथल्या तिथे पावतीच्या पाठीवर हिशेब केला. सव्वादोन ब्रास माती. लाल माती, पोयटा आणि शेणखत धरून जो आकडा आला, तो ऐकून खजिनदारांनी पाण्याचा ग्लास मागितला.

पण योजना पैशांमुळे मोडली नाही. ती मोडली माळीकाकांमुळे. त्यांनी बुंध्याभोवती एक चक्कर मारली, पायाने एक सुटलेला ब्लॉक बाजूला सरकवला आणि विचारलं, ‘‘झाड मारायचंय का?’’

मोठं झाड आपल्याला वाटतं तसं पाताळात मुळं सोडून बसलेलं नसतं. एखाददुसरं मूळ खोल जातं, पण अन्नपाणी ओढणाऱ्या बारीक मुळ्यांची सगळी गर्दी वरच्या फूट-दीड फूट मातीत असते, आणि ती फांद्यांच्या घेराच्याही पुष्कळ बाहेर पसरलेली असते. मुळांना हवा लागते. त्यांच्यावर दोन फूट माती लोटली की ती गुदमरतात. बुंधा जिथे जमिनीशी पसरट होतो, तो भाग मातीत गाडला तर साल ओली राहून कुजते आणि वाळवीला आडोसा मिळतो. हे लगेच दिसत नाही. झाड चार-पाच वर्षं तग धरतं आणि मग शेंडा वाळायला लागतो. तोवर कमिटी बदललेली असते, त्यामुळे जबाबदारी कोणावर येत नाही. (सेक्रेटरींचा चेहरा या शेवटच्या मुद्द्यावर किंचित उजळल्याचं मी पाहिलं.)

शेवटी ठरलं ते असं: बांधकाम नाही. बुंध्यापासून हात-दीड हात जागा मोकळी. माती दोन-तीन बोटंच, तीही गांडूळखत आणि पाल्याचं खत मिसळून भुसभुशीत. कडेला विटा तिरप्या खोचून नुसती नक्षी. पार पक्षाला काहीच मिळालं नाही, आणि त्यांनी ते लक्षात ठेवलं.

माळीकाकांनी मला पहिला गृहपाठ दिला तो ऊन मोजण्याचा. ‘‘सावली-सावली म्हणताय, पण किती वेळ, कुठं, ते बघा.’’ आंब्याखाली ऊन असं नसतंच. असतात ते कवडसे. मी एका रविवारी सकाळी रांगोळीचा डबा घेऊन खाली गेलो आणि जिथे जिथे कवडसा पडेल त्याच्याभोवती गोल काढायला लागलो. तासाने परत जाऊन पाहतो तो कवडसे भलतीकडे सरकलेले. पुन्हा गोल. दुपारपर्यंत झाडाखाली लहानमोठ्या पांढऱ्या वर्तुळांची गर्दी झाली होती.

त्या दिवशी अमावस्या होती हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी संध्याकाळी खिडकीतून ती वर्तुळं पाहिली. वॉचमनने त्या बाजूला रात्रीची फेरी मारायला नकार दिला. सोसायटीच्या ग्रुपवर आधी ‘हे कोणी केले?’ आणि मग थोड्या वेळाने ‘हे कोणावर केले?’ असे मेसेज आले. सकाळी पाहतो तो वर्तुळांच्या मधोमध कोणीतरी उलट उपाय म्हणून लिंबू ठेवलेलं, वर हळदकुंकू. मी ग्रुपवर खुलासा टाकला. त्यावर फक्त एक नमस्काराचा हात आला. लिंबू रसदार होतं.

निष्कर्ष असा निघाला की आमच्या सर्वांत उदार कवडशाने एका जागी पाऊण तासाच्या वर बैठक मारली नाही. झेंडू, शेवंती, पिटुनिया, गुलाब या मंडळींना रोजचं पाच-सहा तासांचं ऊन लागतं. म्हणजे एम्प्रेस गार्डनमधले सगळे फोटो बाद. मी हे कमिटीला कळवलं. ‘झाडाच्या थोड्या फांद्या कमी केल्या तर?’ असं उत्तर आलं.

खोदाईला आम्ही बसलो मे महिन्यात, म्हणजे पावसाच्या तोंडावर रोपं लावता येतील. ब्लॉक निघाले, खालची कच निघाली, आणि माळीकाकांबरोबर आलेल्या पोराने उत्साहाने पहिला टिकाव मारला. टिकाव उडून परत आला. खाली मांडीएवढं मूळ. हातभर सरकून पुन्हा मारला, तिथेही त्याचाच भाऊबंद. पोराने कुऱ्हाड काढली मात्र, चौथ्या मजल्यावरची खिडकी उघडली आणि आकाशवाणी झाली: ‘‘महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५!’’ हे सभासद निवृत्त झाल्यापासून कायदे वाचतात. त्यांनी वरूनच समजावलं की या कायद्यात ‘झाड तोडणे’ म्हणजे नुसतं बुंध्यावर घाव घालणं नव्हे, झाडाला कुठलीही इजा करणंही त्यातच येतं. शिवाय २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरचं झाड ‘प्राचीन वृक्ष’ ठरतं. चेअरमन पानशेतचा दाखला इतकी वर्षं अभिमानाने देत होते, तो त्या दिवसापासून त्यांनी बंद केला.

टिकाव गेला, कुदळ गेली, पहार गेली. हातात राहिलं खुरपं, आणि खरं सांगायचं तर बोटं. मोठ्या झाडाखाली वाफा खणायचा नसतोच, मुळांच्या मधे मधे खळ्या शोधायच्या असतात. जमिनीवर पालथं पडायचं, दोन बोटांनी चाचपायचं, माती सुटली तर पुढे जायचं, मूळ लागलं तर माफी मागून बाजूला सरकायचं. अंगठ्याएवढ्या जाडीच्या मुळाला हात लावायचा नाही अशी माळीकाकांची ताकीद. बारीक मुळ्या तर केसासारख्या, तपकिरी, टोकाला पांढरट, आणि जिथे जरा चांगली माती दिसेल तिथे आधीच येऊन बसलेल्या. दिवसभरात एका घमेल्याएवढी माती निघाली. तिच्यात सापडलं ते असं: फुटकी हिरवी गोटी, गोल्ड स्पॉटचं गंजलेलं बूच, एका बाहुलीचा हात, आणि कोयी. कोयी अगणित.

या सगळ्या काळात वर कावळ्यांचं घरटं होतं. मे महिन्यात कावळ्यांची पिल्लं घरट्यात असतात आणि झाडाखाली वाकलेला प्रत्येक माणूस त्यांच्या मते पिल्लं चोरायलाच आलेला असतो. पहिली टोच मला बसली ती बरोबर टक्कल सुरू होतं तिथे. कावळे माणसाचा चेहरा लक्षात ठेवतात हे मी वाचलं होतं. आमचे टाळूही लक्षात ठेवत होते. माळीकाकांना त्यांनी कधी काही केलं नाही, कारण त्यांच्या डोक्याला पांढरी टोपी. शेवटी मी कपाटावरचं हेल्मेट काढलं. ज्या शहराने हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे काढले, त्या शहरात मी हेल्मेट घालून खुरपणी केली. बायको गॅलरीतून म्हणाली, ‘‘स्कूटरवर घाला म्हणून वीस वर्षं सांगतेय.’’ वर कावळा ओरडला. दोघांचा मुद्दा एकच होता.

रोपं आणायला आम्ही सोलापूर रस्त्याने उरुळी कांचनकडे गेलो. त्या पट्ट्यात नर्सऱ्यांची रांगच आहे. आता तिथे ‘सेमी-शेड’ नावाचा एक शब्द चालतो. कुठल्याही रोपाकडे बोट दाखवा. ‘‘हे सावलीत येईल का?’’ ‘‘सेमी-शेडमध्ये येतंय की.’’ ‘‘आणि उन्हात?’’ ‘‘सेमी-शेडच म्हणायचं ते.’’ मी माळीकाकांनी दिलेली चिठ्ठी घट्ट धरून ठेवली: अबोली, स्पायडर लिली, कोलियस, सिंगोनियम, नेचे. तेही छोट्या पिशवीतलेच. मोठ्या रोपाला मोठा खड्डा लागतो, आणि खड्ड्याची चैन आम्हाला परवडणारी नव्हती. सेक्रेटरींनी मात्र सगळ्यांच्या नजरेआड पिटुनियाचा एक ट्रे टेम्पोत चढवला. तो आषाढापर्यंतही टिकला नाही. त्याबद्दल अधिक बोलणं बरं नाही.

पाऊस सुरू झाल्यावर मला वाटलं, सुटलो. पण पुण्याचा पाऊस म्हणजे भुरभुर, आणि भरगच्च आंब्याला भुरभुर म्हणजे काहीच नाही. सगळी पानांवरच जिरते. बाहेर डांबरी रस्ता ओलाचिंब आणि झाडाखालची माती कोरडी ठणठणीत, हे मी स्वतः बोट खुपसून पाहिलं. जी काही ओल खाली पोचते तीही आंबा आधी पितो. रोपांना मिळतं ते उरलंसुरलं. त्यामुळे भर श्रावणात एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात झारी घेऊन मी पाणी घालत असे. अमावस्येच्या वर्तुळांनंतर माझ्याबद्दल जे मत झालं होतं, ते यामुळे पक्कं झालं. समोरच्या सोसायटीतले लोक मुलांना खिडकीत आणून दाखवत. आणि जोराची सर आली की उलटा प्रकार: पानांच्या टोकांवरून पडणारे टपोरे थेंब कोवळ्या कोलियसला चिखलात बसवत.

तरीही भाद्रपदात वाफा दिसायला लागला. स्पायडर लिली पांढरीशुभ्र उमलली, अबोलीने दोन तुरे काढले, कोलियसच्या लाल-हिरव्या पानांना काकूंनी ‘फुलं छान आहेत हो’ म्हटलं आणि मी दुरुस्ती केली नाही. मग नवरात्र आलं. दसऱ्याच्या तोरणाला आंब्याची पानं लागतात. आमच्या सोसायटीच्या मते ती विकत आणणं म्हणजे अपमान. शिडी आली. शिडीला चार पाय असतात आणि चारही पायांना मऊ माती आवडते.

सेक्रेटरींनी या सगळ्यावर आधुनिक उपाय काढला. ठिबक बसवलं, टायमर लावला. रोज सकाळ-संध्याकाळ वाफ्याला पाणी, पंधरा दिवसांनी खताचा हप्ता. आश्विन, कार्तिक, मार्गशीर्ष, सगळं घड्याळाच्या काट्यावर. वाफा टवटवीत होता. आंबाही टवटवीत होता. पौषात तर तो असा काही पालवला की लोक फोटो काढायला थांबले. फांदीफांदीला लांबट, तांबूस, लोंबती, तुकतुकीत पालवी.

फक्त मोहोर नव्हता.

माघ आला, तरी नाही. शिमग्यालाही एक-दोन फांद्यांना नावापुरता. पहिल्या मजल्यावरच्या काकू रोज मान वर करून बघत आणि मान खाली करून माझ्याकडे बघत. मी एक बचाव मांडला की रायवळ आंबा एक वर्ष भरभरून धरतो आणि एक वर्ष विसावा घेतो. पण काकूंकडे लोणच्याच्या बरण्यांची वही निघाली. तिच्यात वर्षवार नोंदी होत्या: लोणचं, मेथांबा, साखरांबा, तक्कू. वहीप्रमाणे हे वर्ष धरायचं होतं.

उलगडा केला तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी. मूळचे देवगडचे. पार पक्षाचे संस्थापक. ते वर्षभर आमच्याशी बोलले नव्हते. काठी टेकत आले, ठिबकच्या नळीवर काठी ठेवली आणि म्हणाले, ‘‘थंडीत आंब्याक पाणी कोण घालता रे? मोहोर येवचो नाय.’’ मग पुणेकरांना कळेल अशा भाषेत समजावलं. पाऊस संपल्यापासून थंडी भरेपर्यंत आंब्याला जरा तहान लागू द्यायची असते. कोरडी माती आणि गार रात्री मिळाल्या की झाड पालवीचा विचार सोडून मोहोराचा विचार करतं. त्याच वेळी त्याला पाणी आणि नत्राचं खत दिलं की त्याला वाटतं, चैन आहे, वाढू या अजून. बागायतदार म्हणूनच त्या दिवसांत पाणी तोडतात. आम्ही कोलियसला पाजत होतो, आंबा पीत होता.

कमिटीची तातडीची बैठक झाली. एकाने कोकणातल्यासारखं कल्टार, म्हणजे मोहोर आणवणारं औषध, घालावं असं सुचवलं. आजोबांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. महिला मंडळाने मंडईतून किलोने आणलेल्या कैऱ्यांची पावती सोसायटीच्या खर्चात धरावी असा अर्ज दिला. ठिबक बंद करण्याचा ठराव एकमताने झाला. ते बंद केल्यावर वाफ्याचं काय, हा प्रश्न इतिवृत्तात ‘संबंधितांनी पाहावे’ एवढ्यावर निभावला.

त्या वर्षीच्या वैशाखात मात्र वाफ्याला अभूतपूर्व शांतता लाभली. कैऱ्या नाहीत, म्हणून दगड नाहीत, म्हणून दगड शोधायला वाफ्यातल्या विटा उपटणारी पोरं नाहीत, वळवानंतर पदर खोचून पडलेल्या कैऱ्या वेचायला शिरणाऱ्या बायका नाहीत. सगळ्या मोसमांत मला आवडलेला तोच. हे अर्थात मी कोणाला सांगितलं नाही.

आजोबाच मग गावाहून येताना कोकमाच्या पिशवीत कसले तरी गड्डे घेऊन आले. भुईचाफ्याचे, आणि थोडे फुटबॉल लिलीचे. या दोघांचं वेळापत्रक आंब्याला बरोबर जुळतं. थंडी आली की पानं वाळून जातात आणि गड्डा जमिनीखाली निवांत पडून राहतो. पाणी मागत नाही, खत मागत नाही. उन्हाळ्यात भुईचाफा पान यायच्या आधीच थेट मातीतून फूल काढतो. पांढऱ्या पाकळ्या, खाली जांभळी जीभ, वास असा की माणूस आपोआप गुडघ्यावर येतो. मग वळवाच्या सरींबरोबर लिलीचे लालभडक गोळे. तोवर आंब्याचा मोहोराचा निकाल लागून गेलेला असतो. आजोबांनी गड्डे देताना एकच अट घातली: वाफ्याच्या कडेला एक बाक. सिमेंटचा, पाठ टेकायला असलेला. बाक आला. पार पक्ष सत्तेत आला म्हणायला हरकत नाही.

अडचण एवढीच की हिवाळाभर तिथे मातीशिवाय काही दिसत नाही. रिकामी माती दिसली की आमच्याकडे लोक तिथे स्कूटर लावतात, राडारोडा टाकतात किंवा दया येऊन पाणी घालतात. म्हणून मी पाटी लावली:

‘या वाफ्यात फुले आहेत. ती सध्या झोपली आहेत. पाणी घालून उठवू नये. वाहन तर मुळीच लावू नये. – व्यवस्थापक कमिटी.’

दोन दिवसांत पाटीखाली खडूने कोणीतरी लिहिलं: ‘कधी उठणार ते लिहिलेले नाही.’ हस्ताक्षर चौथ्या मजल्यावरचं. कमिटीने याची लेखी दखल घेऊन माझ्याकडे खुलासा मागितला. मी ‘चैत्र-वैशाख, हवामानाप्रमाणे’ असं लिहून दिलं. काल तो कागद शेरा मारून परत आला आहे: ‘हवामानाप्रमाणे’ हा शब्द खोडून नक्की तारीख टाकावी, आणि शक्यतो रविवार धरावा.